दुर्मिळ आजाराचं नाव कळल्यानंतर : इंदूरच्या मराठी आईबाबांसाठी

माझी लेक दहा महिन्यांची असताना घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काय छान बाळसं धरलंय!" गाल गुबगुबीत, पोट गोल. ते पोट म्हणजे वाढलेलं यकृत आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पहाटे ती घामेजायची आणि दूध प्यायल्यावर तरतरीत व्हायची. एका पहाटे ती उठलीच नाही, हातात लोळागोळा झाली, तेव्हा आम्ही धावत गेलो. रक्तातली साखर २८ निघाली. पुढे दोन महिने तपासण्या चालल्या आणि एके दिवशी कागदावर नाव आलं : ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज, प्रकार एक-अ. साधारण लाखात एखाद्या बाळाला होणारा आजार.

हा लेख अशाच कागदावरचं नाव पहिल्यांदा वाचणाऱ्या आईबाबांसाठी आहे. तुमच्या मुलाचा आजार वेगळा असेल. जगात असे सुमारे सात हजार आजार आहेत, बहुतेक जनुकीय, आणि त्यांतले कितीतरी बालपणीच दिसू लागतात. उपचार वेगळे असतील, पण रुग्णालयाचे जिने, कागद, रांगा आणि रात्री साधारण सारख्याच. मी डॉक्टर नाही. औषधाचं प्रमाण तुमचे डॉक्टरच ठरवतील. मी सांगतेय ते त्यांच्या खोलीबाहेरचं आणि आपल्या स्वयंपाकघरातलं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. सर्दी-खोकल्याचं मूल घेऊन तुम्ही गेलात तर समोरच्याला आजार माहीत असतो, तुम्हाला नसतो. दुर्मिळ आजारात उलट होतं. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत तुमच्या मुलाच्या आजाराबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेलं माणूस बहुधा तुम्हीच असता. ती माहिती तुमच्या डोक्यात नको, कागदावर हवी.

नाव अजून कळलेलं नसेल तर

काहींच्या हातात अजून नाव नसेल, नुसती शंका असेल. त्यांच्यासाठी थोडक्यात.

बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरत नसेल आणि शी पांढरट किंवा फिकट मातकट होत असेल तर एक दिवसही थांबू नका. कोवळ्या उन्हात ठेवलं की जाते, हा सल्ला अशा वेळी घातक ठरतो. पित्तनलिका बंद असण्याचा एक आजार आहे, त्याची शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचं होण्याआधी झाली तर यशाची शक्यता बरीच जास्त असते. शीचा रंग बोलून पटत नाही, म्हणून लंगोटाचा फोटो उजेडात काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

जन्मल्यावर दोन-तीन दिवस छान असलेलं बाळ अचानक दूध सोडतं, सुस्त होतं, झटके येतात. तेव्हा जंतुसंसर्गाचे उपचार सुरू होतात आणि ते व्हायलाच हवेत. पण सोबत "रक्तातला अमोनिया आणि साखर तपासली का?" एवढं नम्रपणे विचारा. बसायला, उभं राहायला शिकलेलं मूल ते विसरू लागलं, अंग सतत ढिलं राहिलं, आधीचं एखादं भावंड कारण न कळता गेलं असलं, तर हे न विचारता स्वतःहून सांगा. आपल्याकडे गेलेल्या मुलाचा विषय काढत नाहीत. इथे काढावा लागतो.

पहिलं काम : फाइल

नाव कळल्यावर पहिल्या आठवड्यात इंटरनेट उघडू नका, फाइल उघडा. खरंच सांगते. पहिल्या आठवड्यात मी रात्रभर मोबाइलवर परदेशी मुलांचे फोटो बघत बसले होते आणि सकाळी डॉक्टरांनी "मागचा लॅक्टेट किती होता?" विचारलं (लॅक्टेट म्हणजे रक्तातलं एक रसायन, लेकीच्या आजारात ते वाढतं) तर मला सांगता आलं नाही.

जाड पुठ्ठ्याची, क्लिपची फाइल घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतला गठ्ठा चालत नाही, चार हातांतून गेला की तारखा उलटसुलट होतात. सगळ्यात वर एक पान ठेवा : मुलाचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, आजाराचं पूर्ण नाव, जनुकाचं नाव, सध्याची औषधं आणि प्रमाण, काय अजिबात द्यायचं नाही, कोणत्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. खाली वजन आणि उंची, दर महिन्याची, तारखेसह. मग रिपोर्ट, नवा वर, जुना खाली. मूळ प्रत घरी, फाइलमध्ये झेरॉक्स. मोबाइलमध्येही प्रत्येक कागदाचा फोटो, आणि तो नवऱ्याच्या, आजीच्या मोबाइलमध्येही.

इंदूरला एक खास अडचण येते. आपल्या मराठी पद्धतीत मुलाच्या नावानंतर वडिलांचं नाव आणि मग आडनाव. इथल्या फॉर्मात ते मधलं नाव कधी लिहिलं जातं, कधी गळतं, कधी हिंदी उच्चाराप्रमाणे वेगळं लिहिलं जातं. जन्मदाखला, आधार, समग्र आयडी आणि रुग्णालयाचा पर्चा या चारही ठिकाणी नाव एकसारखं आहे का, हे आजच बघा. मध्य प्रदेशातल्या योजनांसाठी समग्र आयडी लागतोच आणि नावात एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज अडकतो. आमचा दीड महिना एका अक्षरापायी गेला. मूल बरं असतानाच हे दुरुस्त करून घ्या.

आणि एक वही. साधी, दोनशे पानी. तीत रोजचं : किती वाजता काय खाल्लं, साखर किती, उलटी झाली का, झोप कशी. आमच्या आजी ही वही लिहितात, मराठीतच. डॉक्टरांना मराठी वाचता येत नाही, पण आकडे सगळ्यांना कळतात.

इंदूरला कुणाकडे जायचं

तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ सोडू नका. आजार दुर्मिळ असला तरी मुलाला तापही येणार, लसही द्यायची, कानही दुखणार. त्यांना फाइलचं वरचं पान द्या आणि विचारा, "या आजाराचं मूल तुम्ही सांभाळाल ना, मोठ्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने?" हो म्हणाले तर ते फार मोठं बळ.

सरकारी व्यवस्थेत इंदूरला महात्मा गांधी मेमोरियल वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे आपलं एमवाय. मुलांसाठी चाचा नेहरू बाल चिकित्सालय. गर्दी प्रचंड, पण वेगवेगळ्या विभागांचे डॉक्टर तिथे भेटतात. एमवायमध्ये २०१८पासून अस्थिमज्जा प्रत्यारोपणही होतं आणि थॅलेसिमियाच्या मुलांसाठी त्याचं मोल फार आहे.

मूल अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे तपासणीला येतं. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. जन्मजात दोष, वाढीतला उशीर असं काही आढळलं तर पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची सोय त्यातच आहे. खाजगी शाळेतल्या मुलांचे पालक हे विसरतात, पण जिल्हा रुग्णालयातल्या या कार्यक्रमाच्या केंद्रात तुम्ही स्वतःही चौकशी करू शकता.

तपासण्या

आजार पकडायला साधारण दोन प्रकारच्या तपासण्या होतात. पहिली रक्त-लघवीतल्या रसायनांची. टाचेतून किंवा बोटातून घेतलेले रक्ताचे थेंब जाड कागदावर वाळवतात आणि तो कागद प्रयोगशाळेत जातो. थेंब सुकायच्या आत पिशवीत घातले की नमुना वाया जातो, म्हणून कागद निदान तीन-चार तास सावलीत आडवा सुकू द्यावा लागतो. अमोनियाचं रक्त तर बर्फात ठेवून लगेच न्यावं लागतं, तासभर बाहेर राहिलं तर आकडा खोटाच वाढतो. एवढं माहीत असलं की वॉर्डबॉयला "भैया, ये अभी ले जाना है, बरफ में" असं हक्काने सांगता येतं.

दुसरी जनुकांची. हिचा निकाल यायला काही आठवडे लागतात. रिपोर्टमध्ये कधी जनुकात बदल सापडतो पण तो आजाराचा आहे की निरुपद्रवी, हे अजून कुणाला सांगता येत नाही असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ आजार आहे असाही नाही आणि नाही असाही नाही. आईवडिलांचं रक्त तपासलं की बऱ्याचदा उलगडा होतो. हा रिपोर्ट कधीही फेकू नका, चार-पाच वर्षांनी त्याच कागदाचा अर्थ नव्याने लागू शकतो.

तपासणीसाठी पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा : हिचा निकाल आल्यावर उपचारात काय बदलेल? नमुना कुठे जाणार? निकाल कोण समजावून सांगणार? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर जनुकतज्ज्ञाची वेळ आधी घ्या.

परळची वारी

केंद्र सरकारचं दुर्मिळ आजारांसाठीचं राष्ट्रीय धोरण मार्च २०२१मध्ये आलं. त्याखाली देशात काही मोठी रुग्णालयं उत्कृष्टता केंद्रं म्हणून ठरवली आहेत. दिल्लीचं एम्स, चंडीगडचं पीजीआय, लखनौचं संजय गांधी, आणि आपल्याला सोयीचं, मुंबईत परळला असलेलं केईएम. धोरणात आजारांचे तीन गट केले आहेत : एकदाच उपचार करून बरे होऊ शकणारे, खास आहारासारख्या तुलनेने कमी खर्चाच्या पण कायमच्या उपचारांचे, आणि औषध आहे पण फार महाग आहे असे. यादीतल्या आजारासाठी केंद्रात नोंद झाली तर ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. ही रक्कम आपल्या खात्यात येत नाही, उपचार करणाऱ्या केंद्राकडे जाते. त्यामुळे आधी बाहेर महागडी औषधं घेऊन मग बिलं जोडू, असं करू नका. आधी नोंद, मग बाकीचं.

इंदूरहून संध्याकाळची अवंतिका एक्सप्रेस पकडली की सकाळी मुंबई सेंट्रल. तिथून परळ टॅक्सीने जवळ. ओपीडी सकाळीच गाठावी लागते. इकडे ज्याला पर्चा म्हणतात त्याला तिकडे केसपेपर म्हणतात. तो आधी काढायचा. केईएमशेजारीच मुलांचं वाडिया रुग्णालय आहे. दोन्हींमध्ये घोळ करू नका, संदर्भपत्रावर कुठलं नाव आहे ते बघा. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा रुग्ण आणि नातेवाइकांसाठी आहे. रुग्णालयाचे कागद सोबत ठेवा. जागा मिळेलच असं गृहीत धरू नका, एखाद्या नातेवाइकाला आधी कळवून ठेवलेलं बरं. मुंबईला कुणी ना कुणी असतंच आपलं.

लेकीची साखर टिकवायला तिला रात्रीही दर चार तासांनी मक्याचा कच्चा स्टार्च द्यावा लागतो (त्याबद्दल पुढे येईलच). गाडीत मी त्याच्या पुड्या घरूनच वजन करून नेते. प्रत्येक पुडीवर वेळ लिहिलेली : रात्री दहा, दोन, सहा. दोनची पुडी गुजरातेत कुठेतरी, मिणमिणत्या निळ्या दिव्यात, धावत्या गाडीत कालवावी लागते. झाकणाची बाटली घ्या, वाटी नको.

पैशाचं

आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा भरती होऊन घेतलेल्या उपचारांचा खर्च निघतो. ओपीडी आणि रोजची औषधं त्यात येत नाहीत, हे आधीच समजून घ्या. हृदयाचा जन्मजात दोष असेल तर मध्य प्रदेश सरकारची मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना आहे, ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी बाल श्रवण योजना. थॅलेसिमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत, त्यांनी युनिक आयडीचं दिव्यांग कार्ड काढावं. थॅलेसिमिया आणि हिमोफिलियाच्या मुलांना रेल्वेभाड्यात सोबतच्या माणसासह सवलतही मिळते. परदेशातून औषध किंवा खास आहार मागवावा लागत असेल तर १ एप्रिल २०२३पासून धोरणातल्या आजारांसाठी स्वतःच्या वापराकरता मागवलेल्या मालावर मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी सरकारी आरोग्य अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते पार्सल निघायच्या आधी हातात हवं.

मदतीसाठी मुलाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. मी एवढंच म्हणेन की रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक घेतल्याशिवाय कुणाकडेही एक रुपया मागू नका.

आणीबाणीचं पत्र

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा भाग दोनदा वाचा.

लेक दोन वर्षांची असताना तिला उलट्या सुरू झाल्या. स्टार्च पोटात टिकेना. रात्री आम्ही शहरातल्या एका रुग्णालयात गेलो. साखर ५२ होती. तिथल्या डॉक्टरांनी उलट्यांच्या मुलाला देतात तशी रिंगर लॅक्टेटची बाटली लावली. इतर मुलांसाठी ते बरोबरच असतं. पण लेकीच्या आजारात शरीर लॅक्टेट वापरू शकत नाही, तो रक्तात आधीच वाढलेला असतो. तिला हवी होती ग्लुकोजची ड्रिप. मी सांगत होते, पण रडत सांगत होते आणि तोंडी सांगत होते. "आप शांत हो जाइए" असं म्हणून मला बाहेर बसवलं. पाऊण तासाने मोठ्या डॉक्टरांशी फोन लागला तेव्हा बाटली बदलली. त्या पाऊण तासाचा राग माझ्या मनात बराच काळ होता. पण आमच्या हातात कागद नव्हता, हेही तितकंच खरं.

तेव्हापासून आमच्याकडे पत्र आहे. तुम्हीही आपल्या तज्ज्ञांकडून असं पत्र मागून घ्या. त्यांच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, इंग्रजीत, एकाच पानावर. त्यात काय हवं?

आजाराचं नाव ठळक. मूल आलं की पहिल्या पाच मिनिटांत काय तपासायचं. ताबडतोब काय सुरू करायचं. आमच्या पत्रात १० टक्के ग्लुकोजची ड्रिप आणि वजनाप्रमाणे तिचा वेग लिहिलेला आहे. काय द्यायचं नाही : रिंगर लॅक्टेट नाही, रक्त पातळ करणारी वेदनाशामकं नाहीत, कारण या मुलांच्या नाकातून तसंही रक्त पटकन येतं. ड्रिप एकदम बंद करायची नाही, तोंडाने खाणं टिकू लागल्यावर हळूहळू कमी करायची. आणि शस्त्रक्रिया किंवा भूल द्यायची असेल तर उपाशी ठेवताना ग्लुकोज चालूच हवं. शेवटी तज्ज्ञांचा फोन.

तुमच्या मुलाच्या आजारात हे मुद्दे वेगळे असतील. काहींमध्ये प्रथिनं बंद करावी लागतात, काहींमध्ये एखादं नेहमीचं झटक्यांचं औषध चालत नाही. ते डॉक्टरांनाच लिहू द्या. वर्षातून एकदा, वजन बदललं की, पत्र नवं करून घ्या. तीन वर्षांपूर्वीच्या वजनाचं पत्र असून नसल्यासारखं.

पत्र लॅमिनेट केलंय. एक फाइलमध्ये, एक माझ्या पर्समध्ये, एक शाळेत, एक आत्याकडे राजेंद्रनगरला. कॅज्युअल्टीत शिरताना मी आता काहीही समजावत बसत नाही. पत्र पुढे करते आणि एकच वाक्य म्हणते, "इसको मेटाबॉलिक बीमारी है, ये चिट्ठी पहले पढ़ लीजिए।" शांतपणे, त्यांच्या डोळ्यांत बघून. बहुतेक वेळा डॉक्टर वाचतात आणि त्यांनाही हायसं वाटलेलं दिसतं.

भरती झाल्यावर प्रत्येक पाळीच्या सिस्टरला पत्र पुन्हा दाखवा. सकाळची पाळी जाते, दुपारची येते आणि निरोप गळतो. पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात कागद चिकटवू द्यायची विनंती करा. सुट्टी मिळताना डिस्चार्ज कार्ड तिथेच उभं राहून वाचा. आजाराचं नाव चुकीचं लिहिलेलं असलं तर दुरुस्त करूनच निघा, कारण पुढचं रुग्णालय तोच कागद खरा मानतं.

घरचं स्वयंपाकघर

लेकीच्या ग्लायकोजेनच्या आजारात शरीर साखर यकृतात साठवतं, पण भूक लागल्यावर ती परत रक्तात सोडता येत नाही. कणगी वरून भरत जाते आणि खालचं तोंड बुजलेलं, असं मी सासूबाईंना समजावलं. त्यांना एका वाक्यात कळलं. म्हणून बाहेरून साखर सतत, हळूहळू मिळत राहावी लागते. मक्याचा कच्चा स्टार्च ते काम करतो. हा उपाय १९८४मध्ये पुढे आला. त्याआधी या मुलांना रात्रभर नाकातल्या नळीतून ग्लुकोज द्यावं लागे.

इंदूरमध्ये इथेच घोळ होतो. किराणा दुकानात "मक्के का आटा" मागितला तर पिवळं पीठ मिळतं, रोट्यांचं. ते नको. हवा तो कॉर्नफ्लोअर म्हणून मिळणारा पांढराशुभ्र स्टार्च. चिमटीत दाबला की करकर वाजतो, पिठासारखा मऊ दबत नाही. पाकिटावर घटक वाचा, मक्याच्या स्टार्चशिवाय दुसरं काही नको. शेजारीच ठेवलेली कस्टर्ड पावडर तशीच दिसते, तीही नको.

प्रमाण चमच्याने नाही, काट्यावर ग्रॅममध्ये. लहान मुलांना साधारण वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड-दोन ग्रॅम, दर तीन-चार तासांनी देतात, पण तुमच्या बाळाचं प्रमाण आणि सुरुवात डॉक्टरच ठरवतील. साध्या थंड पाण्यात कालवायचा. गरम पाण्यात अजिबात नाही. शिजला की तो पटकन पचतो आणि चार तास पुरणारी साखर तासा-दीड तासात संपते. लिंबूही पिळायचं नाही. स्टार्च तळाशी बसतो, म्हणून आयत्या वेळी ढवळायचा आणि तळ विसळून तोही पाजायचा. रात्री दोनचा गजर आमच्या घरी दोन मोबाइलवर लागतो, माझ्या आणि आजींच्या. नवऱ्याचा सहाचा. एकाच माणसाने रोज रात्री उठायचं ठरवलं तर तीन महिन्यांत तो माणूस आजारी पडतो, आणि एखाद्या रात्री गजर ऐकूच येत नाही.

या आजारात साखर, गूळ, मध, फळं आणि दूध फार जपून, बहुतेक बंदच. इंदूरसारख्या गावात याचा अर्थ काय, ते तुम्ही जाणता. पोहे चालतात, वरून साखर न भुरभुरता; सोबतची जिलेबी नाही. भुट्ट्याच्या किसात दूध असतं, म्हणून तिच्यापुरता पाण्यात शिजवते. गराडू, म्हणजे इथला थंडीतला कंद, चालतात, ती मनसोक्त खाते. सर्दी-तापाच्या गोड सिरपांतही साखर किंवा सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा गोड पदार्थ असतो. डॉक्टरांकडे गोळी मागा आणि कुटून द्या.

संक्रांतीला मी आधीच शेजारच्या चार घरी जाऊन सांगून येते : लेकीच्या हातावर तीळगूळ ठेवू नका, नुसते भाजलेले तीळ ठेवा. पहिल्या वर्षी अवघड वाटलं. तिसऱ्या वर्षी एका काकूंनी तिच्यासाठी तिळाची खमंग चटणी करून छोट्या डबीत भरून ठेवली होती.

घरातली माणसं

"आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं." हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल, बहुधा सुनेलाच. बहुतेक अशा आजारांत दोष आईचा एकटीचा नसतो. आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत येते, तेव्हाच मूल आजारी पडतं. दोघंही स्वतः ठणठणीत असतात, म्हणूनच घराण्यात कधी दिसलेलं नसतं. मामाच्या मुलीशी लग्न आपल्यात पूर्वापार होत आलं आहे. असं लग्न असेल तर डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. तपासणीची दिशा ठरवायला ते लागतं, कुणाला दोषी ठरवायला नाही. आणि आजी-आजोबांना एकदा डॉक्टरांसमोर बसवा. घरी शंभरदा सांगून जे पटत नाही ते पांढऱ्या कोटातल्या माणसाने एकदा सांगितलं की पटतं, आणि त्यात वाईट वाटून घेऊ नका.

पुढचं बाळ

अशा आजारात प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता असते, पहिलं मूल आजारी आहे म्हणून ती कमी होत नाही. पहिल्या मुलाचा जनुकीय निकाल हातात असेल तरच गर्भाची तपासणी करता येते. ती साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेच्या नमुन्यावर किंवा सोळाव्याच्या सुमारास गर्भजलावर होते. म्हणून पुढचं बाळ मनात असेल तर दिवस जायच्या आधी जनुकतज्ज्ञांना भेटा. या तपासण्या कायदेशीर आहेत, फक्त मुलगा-मुलगी सांगत नाहीत. पुढे काय करायचं ते नवरा-बायकोने ठरवावं, बाकी कुणी नाही.

शाळा

प्रवेशाच्या वेळी आजार लपवू नका. मी मुख्याध्यापिका आणि वर्गशिक्षिका दोघींना भेटले, पत्र दिलं, वजन करून ठेवलेल्या पुड्या आणि बाटली दिली आणि अकराचा डोस कसा कालवायचा ते करून दाखवलं. घाम फुटणं, चिडचिड, डोळे जड होणं ही साखर घसरल्याची खूण आहे, शिस्तीचा प्रश्न नाही, हे लिहून दिलं. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटतात त्या दिवसासाठी बाईंच्या कपाटात मुरमुऱ्यांचा चिवडा ठेवलेला असतो.

आता ती सहा वर्षांची आहे. मोठं झालेलं मूल प्रत्येक वेळी आपल्या सोबत नसतं, म्हणून तिला एक वाक्य पाठ करवलं आहे. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण हे वाक्य हिंदीत शिकवलं, कारण रस्त्यात, रिक्षात, शाळेत ऐकणारा माणूस बहुधा हिंदीच बोलणार : "मुझे चक्कर आ रहा है, मेरे बैग की चिट्ठी डॉक्टर को दे दो।" आठवड्यातून एकदा, बुधवारी, दप्तर भरताना ते तिच्याकडून म्हणून घेते, आणि चिठ्ठी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे ना, ते तिचं तिलाच हात घालून बघायला सांगते.